मोहिनीचे रूप कोणाचे?

पात्र स्त्री असावे की पुरुष, हे ठरवताना आत्म्याला लिंग असते का, हा जुना प्रश्न आड येतोच. श्वेताश्वतर उपनिषदानुसार आत्मा स्त्री नाही, पुरुष नाही, नपुंसकही नाही; धारण केलेल्या देहाशी तो जोडला जातो. चित्रपटकार दादासाहेब फाळके यांच्या पडद्यावर हे अक्षरशः घडले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके यांनीच साकारले. त्याआधी १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मोहिनी झाल्या कमलाबाई गोखले: स्त्री झालेल्या विष्णूचे रूप एका मुलीने उभे केले.

संतकाव्यातही हाच प्रश्न येतो: ज्ञानेश्वरांनी विरहिणींत, म्हणजे विरहात वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या अभंगांत, स्त्रीचा आवाज घेतला. आत्मा निर्लिंग असेल तर ही निवड कशासाठी? भक्तीला नाते लागते, आणि वाट पाहण्याची भाषा त्या समाजात स्त्रीच्या तोंडी तयार होती. मात्र पुरुष संतांनी हा आवाज घेतला तेव्हा मुक्ताबाई आणि जनाबाई स्वतःच्या नावाने अभंग रचतच होत्या. उलट, रंगभूमीवर पुरुषांनी स्त्रीची जागा घेतली ती बहुधा स्त्रीला मज्जाव असल्यामुळे, म्हणून त्या निवडीला आध्यात्मिक आधार देणे अन्यायाचे ठरते.