उपवासाची साखर

मधुमेहाच्या एका अ‍ॅपचं मराठी मी केलं होतं. महिनाभर ते वापरून चाचणीला आलेल्या मावशींच्या नोंदी दोनच, दोन्ही एकादशीच्या. ‘फास्टिंग’साठी मी ‘उपवासाची साखर’ लिहिलं होतं. ‘उपाशीपोटी’ बटणात मावेना.

“माझंच चुकलं हो, मी कुठं शिकलेली,” त्या म्हणाल्या.

मग जॉन ब्रूक यांची १९८६ची प्रश्नावली : दहा विधानं, शंभरपैकी गुण. उगाच होकार मिळू नयेत म्हणून त्यात एकाआड एक विधान उलटं. मावशींच्या भिडेला तेही पुरलं नाही. त्यांनी गुण भरभरून दिले.

हे मत त्यांचंच, पण माझी चूक अंगावर घेऊन दिलेलं. ते खरं धरावं का? शब्द मी दुसऱ्या दिवशी बदलला. मावशींसमोर मात्र गप्प राहिले होते.