एकाच रात्रीची शिकवण

येशूच्या शेवटच्या भोजनाची हकिगत चारही शुभवर्तमानांत आहे. मत्तय, मार्क आणि लूक यांनी भाकर आणि प्याला यांविषयी लिहिले, आणि त्या लिखाणावर आपली प्रभुभोजनाची उपासना उभी राहिली. योहानाने मात्र त्या ठिकाणी भाकरीची गोष्ट सांगितलीच नाही. त्याने पाय धुण्याची सांगितली. गुरू जेवणावरून उठला, वरचे वस्त्र काढून ठेवले, कमरेला रुमाल बांधला आणि गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुऊ लागला. त्याच रात्री पुढे त्याने शिष्यांना धीर दिला, की मी तुम्हांला पोरके टाकून जाणार नाही. आणि सतराव्या अध्यायात, पकडले जाण्याच्या थोडा वेळ आधी, आपल्या लोकांनी एक व्हावे अशी पित्याजवळ प्रार्थना केली.

नम्रता, आशा आणि ऐक्य ही अशी एकाच रात्रीची शिकवण आहे. आपण ती वाटून टाकली. नम्रता हा ज्याच्या-त्याच्या स्वभावाचा भाग मानला. ऐक्याचे काम बिशपांकडे आणि सिनडच्या ठरावांकडे सोपवले. आशेचे शब्द दफनविधीसाठी राखून ठेवले. मंडळीच्या कामात आयुष्याची बरीच वर्षे गेल्यावर माझी खात्री झाली आहे, की हे तिन्ही वेगळे काढले की तिन्ही सुकतात. नम्रतेवाचून ऐक्य होत नाही आणि ऐक्यावाचून आशा फार काळ तग धरत नाही.

त्या रात्रीच्या दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. पहिली यहूदाची. त्याच्या मनात काय शिजते आहे हे येशूला ठाऊक होते, तरी त्याचेही पाय धुतले गेले. यहूदा उठून अंधारात बाहेर पडला तो त्यानंतर. समोरचा माणूस आपल्याला दगा देणार हे माहीत असताना त्याच्यापुढे गुडघे टेकणे, हे नम्रतेचे खरे माप आहे. चांगल्या माणसापुढे नम्र होणे कोणालाही जमते.

दुसरी गोष्ट पेत्राची. तो पाय धुऊ द्यायलाच तयार नव्हता. वसईला एका कॅथलिक मित्राच्या धर्मग्रामात मी पवित्र गुरुवारच्या उपासनेला गेलो होतो, तेव्हा पेत्राचे हे नाकारणे मला नीट समजले. पाय धुण्याच्या विधीसाठी वेदीपुढे बाकावर बसलेल्यांत एक वयस्क बागायतदार होते. आयुष्यभर चिखलपाण्यात वावरलेले पाय, टाचांना खोल भेगा. फादर त्यांच्यापुढे वाकले तसा त्यांनी पाय मागे घेतला. संकोचाने त्यांचा चेहरा उतरला होता. फादरांनी घाई केली नाही, नुसता हात पुढे धरून थांबले. थोड्या वेळाने पाय पुढे आला. दुसऱ्याची सेवा करणाऱ्याला निदान आपण काही करतो आहोत हा आधार असतो. सेवा करून घेणाऱ्याजवळ तोही उरत नाही. आजारपणात, म्हातारपणात, हात रिकामे झाल्यावर ही दुसरी नम्रता शिकावीच लागते, आणि ती पहिलीपेक्षा कठीण असते.

2013 साली पोप फ्रान्सिस यांनी पवित्र गुरुवारची ही उपासना रोममधल्या कासाल देल मार्मो या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात केली. ज्यांचे पाय त्यांनी धुतले त्यांत मुली होत्या, मुसलमान होते. तोवर या विधीसाठी पुरुषच बसवायचे असा नियम होता. 2016 मध्ये तो अधिकृतपणे बदलला आणि स्त्रियांनाही त्या बाकावर जागा मिळाली. आधी पाय धुतले गेले, नियम मागून आला, हे मला फार मोलाचे वाटते.

आमच्या मंडळ्यांत नम्रतेची परीक्षा बहुधा पास्टरेट कमिटीच्या निवडणुकीत होते. नगरकडच्या एका मंडळीत मी पाहिलेली गोष्ट. बरीच वर्षे सेक्रेटरी असलेले गृहस्थ त्या वेळी पडले. आता ते चर्चला येणार नाहीत, आलेच तर मागे बसून खुसपटे काढतील, अशीच सगळ्यांची समजूत. पुढच्या रविवारी ते नेहमीपेक्षा लवकर आले आणि सतरंज्या झटकून अंथरू लागले. एक तरुण धावत आला, म्हणाला, "काका, राहू द्या, आम्ही करतो." ते म्हणाले, "अरे, पद गेलं माझं, मंडळी थोडीच गेली?" त्या वाक्याने मंडळीतली एक फूट टळली. त्या रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश कशावर होता ते मला आठवत नाही, पण सतरंजीचा उपदेश आठवतो.

पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेले पत्र याच संदर्भात पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. ख्रिस्ताने आपले देवपण घट्ट धरून ठेवले नाही, तो दास झाला आणि मरणापर्यंत खाली उतरला, हे त्यातले वर्णन आपण ख्रिस्तशास्त्राचा शिखरबिंदू मानतो. पण पौल तुरुंगातून काही व्याख्यान देत नव्हता. त्या मंडळीतल्या दोन कार्यकर्त्या स्त्रियांचे पटत नव्हते. दोघींना तो नाव घेऊन विनवतो, की एकमनाने राहा. दोन बायांचा अबोला सुटावा म्हणून त्याने ख्रिस्ताचे सारे उतरणे समोर मांडले. मंडळीतले भांडण इतके लहान नसते की त्याला क्रुसाची आठवण लागू नये.

ऐक्याची एक फार मोठी घटना आपल्या महाराष्ट्रातच घडली आणि आपल्याच तरुणांना ती ठाऊक नसते. महाराष्ट्रात मिशने आली ती वेगवेगळ्या देशांतून आणि वेगवेगळ्या परंपरांतून. अमेरिकन मराठी मिशनने 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला काम सुरू केले. नागपुरात स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप आले. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटी, कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन. ज्या जिल्ह्यात जे मिशन, त्या पंथाचे आपले आजोबा. इंग्लंड-अमेरिकेतली भांडणे आपली नव्हती, पण वारशाने आली. काही गावांत एकाच वस्तीत दोन देवळे उभी राहिली आणि सख्खे चुलतभाऊ रविवारी दोन दिशांना जाऊ लागले.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेचे युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, तसेच ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट. बोलणी 1929 साली लखनौला सुरू झाली होती. चाळीस वर्षे लागली, कारण प्रश्न खरे होते. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा, की समजत्या वयात विश्वास कबूल केल्यावर? उत्तर असे निघाले, की दोन्ही रीती मान्य कराव्यात आणि एकमेकांच्या विवेकाचा मान राखावा. त्याहून अवघड प्रश्न पाळकांच्या दीक्षेचा होता. कोणाची दीक्षा खरी? कोणी कोणाला पुन्हा दीक्षा द्यायची? अखेर सगळ्यांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करायची असे ठरले. बिशपांच्या परंपरेने ज्यांच्याकडे बिशपच नव्हते त्यांच्या हातांखाली मस्तक झुकवले, आणि त्यांनीही तेच केले. तुझ्याकडे देवाने दिलेले असे काहीतरी आहे जे माझ्याकडे नाही, ही कबुली त्या झुकण्यात होती. ती एकाच बाजूने दिली असती तर तिला शरणागती म्हणावे लागले असते. दोन्ही बाजूंनी दिली म्हणून चर्च एक झाले.

हे ऐक्य पुरे झाले असे कोणी म्हणू नये. मेथॉडिस्टांची एक मोठी शाखा ऐन शेवटच्या टप्प्यात बाजूला राहिली. नंतरच्या काळात अनेक ठिकाणी चर्चच्या मालमत्तांवरून बांधव कोर्टाच्या पायऱ्या चढले. आणि जात आपल्या घरात लग्नाची बोलणी निघाली की अजून दारातून डोकावते. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्या दोन घरांना एकमेकांची सोयरीक चालत नसेल, तर नागपूरचा ठराव आपल्या उंबऱ्याशीच अडकलेला आहे. पाय धुण्याची पाळी तिथे आहे.

ना. वा. टिळकांना हे दुखणे फार आधी कळले होते. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी मिशनच्या चाकरीत राहिला, 'ज्ञानोदय'साठी लिहीत राहिला, पण आयुष्याच्या अखेरीस, 1917 मध्ये, पगाराची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताचे असे सगळे अनुयायी त्यात एकत्र यावेत ही त्यांची इच्छा होती. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. त्यांची भजने मात्र सगळ्या कुंपणांवरून पलीकडे गेली. 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक उघडले की पंथ कोणताही असो, टिळक सगळ्यांचे. टाळ आणि पेटी घेऊन मराठी मंडळी गायला बसते तेव्हा कोण कोणत्या मिशनचा हे कोणी विचारत नाही. ठरावांना जे चाळीस वर्षांत जमले, ते अभंगाने त्याआधीच आपल्या गळ्यात उतरवले होते.

आता आशेविषयी. आशा म्हणजे सगळे ठीक होईल असे स्वतःला बजावणे नव्हे. आपण अर्धवट सोडलेले काम देव दुसऱ्या हातांनी पुरे करील, या विश्वासाने आज आपल्या वाट्याचे काम करणे, अशी माझी समजूत आहे, आणि ती मला आपल्याच माणसांनी दिली. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य सुरुवातीच्या अध्यायांवर थांबले होते. पुढचा मोठा भाग लिहिला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या बाईने. नवऱ्याने धर्म बदलल्यावर ज्यांनी ताटातूट सोसली, सोवळ्याचा धागा तुटेपर्यंत स्वतःशीच झगडा दिला आणि मग 1900 साली बाप्तिस्मा घेतला, त्या लक्ष्मीबाईंनी. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल सोप्या मराठीत आणले, साध्या बायाबापड्यांना वाचता यावे म्हणून. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. पूर्ण छापलेले बायबल आले 1924 मध्ये, आणि ते छापणारे हात मुक्तिमिशनमधल्या बायकांचेच होते. लखनौला 1929 मध्ये बोलणी सुरू करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी नागपूरचा तो दिवस पाहिला नाही. आपल्या हयातीत फळ दिसलेच पाहिजे असा हट्ट सोडणे, हीही नम्रताच.

रोजच्या जगण्यात ही आशा कशी दिसते? एका दुष्काळी वर्षी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी कापणीच्या सणाला होतो. एरवी वेदीसमोर बाजरीची कणसे, भोपळे, कोंबड्या, ऊस यांची रास लागते आणि उपासनेनंतर लिलाव होतो. त्या वर्षी शेतात काही नव्हते. लोक मूठ-मूठ आणत होते. एका मावशींनी ओंजळभर ज्वारी आणली आणि पाळकांना म्हणाल्या, "शेतात पिकली नाही, पाळकसाहेब, रेशनची हाय. पण द्यायची राहायला नको." लिलावाला शेजारच्या दुसऱ्या पंथाच्या चर्चमधले लोक आले होते. त्यांच्याकडेही पाऊस नव्हता. ती ओंजळभर ज्वारी त्यांच्यातल्या एकाने बोली चढवत नेऊन विकत घेतली आणि परत मावशींच्याच पदरात टाकली. देणे, घेणे आणि एकमेकांना धरून राहणे यांच्यात त्या दुपारी भेद करता येत नव्हता. पुढच्या वर्षी पाऊस होईल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते, पण आपण एकटे नाही हे ठाऊक होते. आशेला तेवढे पुरते.

म्हणून वाचकहो, एक विनंती. दर वर्षी 18 ते 25 जानेवारी हा आठवडा जगभरचे ख्रिस्ती लोक ऐक्याच्या प्रार्थनेसाठी पाळतात. त्या आठवड्यात आपल्या गावातल्या दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये जा, मागच्या बाकावर बसा, त्यांच्याबरोबर गा. पण जानेवारीची वाट पाहू नका. मंडळीत ज्याच्याशी तुमचे बोलणे थांबले आहे, त्याच्या घरी या रविवारी उपासनेनंतर जा. आपले बरोबर कसे होते हे सांगायला नको. चहा घ्या, त्याच्या म्हाताऱ्या आईची चौकशी करा, आणि त्याने काही द्यायला हात पुढे केला तर पेत्रासारखे मागे सरू नका. प्रभूने त्या रात्री आपल्यासाठी जी प्रार्थना केली, तिचे उत्तर देण्याचे काम त्याने आपल्याच हाती ठेवले आहे.