खेळण्याचा हक्क कोणाचा?

कृतज्ञता आणि न्याय या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें तत्त्वतः सर्वांस मान्य असतें. पण प्रत्यक्ष प्रसंग आला म्हणजे त्यांची गल्लत होतेच. अमेरिकेंतील महाविद्यालयीन मुलींच्या बास्केटबॉलमध्यें २०१७ सालीं असा एक प्रसंग घडला. कनेक्टिकट विद्यापीठाचा संघ ओळीनें १११ सामने जिंकून आला होता. ३१ मार्च रोजीं उपांत्य सामन्यांत मिसिसिपी स्टेटनें त्यास ६६-६४ असें हरविलें, तें मॉर्गन विल्यम या अवघ्या ५ फूट ५ इंच उंचीच्या मुलीनें जादा वेळेच्या अखेरच्या क्षणीं टाकलेल्या चेंडूवर. त्याआधींच्याच सामन्यांत, बेलर विद्यापीठाविरुद्ध, तिनें एकटीनें ४१ गुण मिळविले होते. आणि २ एप्रिलच्या अंतिम सामन्यांत, संघ मागें पडला असतां, व्हिक शेफर या क्रीडाशिक्षकांनीं तिला शेवटचीं सबंध १० मिनिटें बाकावर बसवून ठेविलें! साउथ कॅरोलायनानें सामना ६७-५५ असा जिंकला, आणि वादाला तोंड फुटलें.

जिनें संघाला येथवर आणिलें तिलाच बाहेर बसविणें हा कृतघ्नपणा नव्हे काय, असें विचारलें जातें. मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. ४० मिनिटांच्या सामन्यांत पांच जणींच्या मिळून २०० मिनिटांचीच वांटणी करावयाची असते. एकीला दिलेलें मिनिट दुसरीच्या वांट्यांतून काढावें लागतें. तिच्या जागीं जी खेळली ती कांहीं वाटसरू नव्हती. तीही त्याच संघाची, त्याच सरावांत घाम गाळलेली.

तथापि एवढ्यानें शिक्षक सुटत नाहींत. त्या ४१ गुणांकडे ऋण म्हणून पाहूं नये, हें खरें. पण पुरावा म्हणून तरी पाहावयास नको काय? इतरांचे हात ज्या घडीला कांपतात त्या घडीला हिचा कांपत नाहीं, हें दोनच दिवसांपूर्वीं दिसलें होतें. उलट, आज समोर दिसतें तें अधिक खरें, असेंही कोणी म्हणेल. यांत वजन कशाला द्यावें हा प्रश्न नीतीचा नसून पारखेचा आहे. पारख चुकली म्हणून मनुष्य अन्यायी ठरत नाहीं. आणि सामना हरला म्हणून ती चुकलीच, असेंही सिद्ध होत नाहीं.

न्यायाचा प्रश्न मला निराळ्याच ठिकाणीं दिसतो. भीष्मांच्या सेनापतित्वाखालीं कर्ण दहा दिवस रणाबाहेर राहिला, तो स्वतःच्या मानापायीं. या मुलीच्या हातीं तसें कांहींच नव्हतें. सारी सत्ता एकाच्या हातीं, आणि दुसरी तर त्याची विद्यार्थिनी. कोठल्याही शिक्षकाप्रमाणें त्यानेंही आपल्या निर्णयाचें कारण सांगितलें पाहिजे. प्रेक्षकांस नव्हे, वृत्तपत्रांसही नव्हे, तिला. चालू सामन्यांत तें शक्य नसतें, पण त्या रात्रीं असतें. तें बोलणें दोघांचें. आपण त्यांत कान घालण्याचें कारण नाहीं. पुढील वर्षीं ती त्याच शिक्षकांच्या हाताखालीं खेळली आणि संघ २०१८ च्या अंतिम सामन्यापर्यंत पुन्हां पोंचला. तेथें नोटर डेमनें त्याला ६१-५८ असें हरविलें.