मातृत्वाची सरहद्द

कोकणात एके काळी खोती होती आणि घाटावर रयतवारी. सारा कोणी भरावा, जमिनीवर हक्क कोणाचा, याचे नियम घाट चढताच बदलत; आणि त्याचे कोणास फारसे वैषम्य वाटत नसे. मात्र घाट चढून आलेल्या मनुष्यास ‘आता तू कोणाचा मुलगा?’ असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. मालमत्तेचे नाते कायदा जुळवितो आणि आईचे नाते निसर्ग, अशी आपणां सर्वांची भाबडी समजूत असते. ती समजूत कितपत टिकते, हे तपासून पाहण्यासाठी हा प्रपंच.

अमेरिकेत स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी गेल्या हिवाळ्यात सहकुटुंब भेटावयास आला होता. त्याच्या पत्नीस गर्भ धारण करणे शक्य नव्हते. म्हणून उभयतांच्या बीजांपासून सिद्ध झालेला गर्भ दुसऱ्या एका स्त्रीने आपल्या उदरात वाढविला. मूल गोजिरवाणे आहे. बोलता बोलता तो म्हणाला, “सर, शेवटचे दोन महिने वकिलाने त्या बाईंना बजावून ठेवले होते, की राज्याची हद्द ओलांडू नका. पलीकडे प्रसूती झाली असती, तर दाखल्यावर आई म्हणून कोणाचे नाव लागले असते, याची त्यालाही खात्री नव्हती.” आमच्या घरातून लगेच उद्गार आला, “अगबाई! म्हणजे आई कोण हे रस्त्यावरच्या पाटीने ठरवायचे!”

उद्गार विनोदाचा असला, तरी त्यातील वस्तुस्थिती विनोदाची नाही. माता-पिता कोण, हे ठरविण्याचे काम अमेरिकेत मुख्यतः घटक राज्यांचे आहे. १९८८ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने असा करार रद्दबातल ठरवून, मूल वाढविणारी स्त्री हीच कायद्याने माता, असा निर्णय दिला. मुलाचा ताबा मात्र त्याच्या हितासाठी पित्याकडे ठेवला. १९९३ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमकी उलट वाट धरली: एकीचे बीज आणि दुसरीचे उदर असा पेच पडला, तर जिने मूल जन्मास यावे असा संकल्प केला, तीच माता. पहिल्या प्रकरणात बीजही त्या प्रसवणाऱ्या स्त्रीचेच होते, हा भेद लक्षात ठेविलाच पाहिजे. तथापि दृष्टीतील अंतर तेवढ्याने भरून निघत नाही. मिशिगनने १९८८ साली असे करार निरर्थक ठरविले आणि मोबदला घेऊन केलेला करार तर गुन्हाच ठरविला. तेथे तो कायदा बदलणारा नवा कायदा संमत झाला तो २०२४ साली. न्यूयॉर्कने १९९२ साली घातलेली बंदी २०२१ साली उठविली. एका राष्ट्रध्वजाखाली निसर्ग, करार, संकल्प आणि बालकाचे हित ही चार तत्त्वे चार आसनांवर बसून न्याय देत होती.

यावर आपण हसावे, हे मात्र शोभणारे नाही. विधवेने दत्तक घ्यावा की नाही, या प्रश्नावर आपल्याकडे शतकानुशतके हेच चालले होते. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ अथवा घेऊ नये, असा वसिष्ठाच्या एका वचनाचा आशय आहे. वचन सर्वांस प्रमाण. परंतु अर्थ प्रांतागणिक वेगळा. मिथिलेने म्हटले, अनुज्ञा दत्तविधानाच्या वेळीच हवी. अर्थात विधवेस अधिकार नाही. बंगालने म्हटले, पतीने हयातीत दिलेली अनुज्ञा पुढे चालेल. द्रविड देशी सपिंडांची संमती पुरते, असे प्रिव्ही कौन्सिलने १८६८ साली रामनाडच्या खटल्यात मान्य केले. आणि महाराष्ट्रात मयूखादी ग्रंथांच्या आधारे ठरले, की हे वचन सधवेपुरते आहे. विधवेस पतीच्या अनुज्ञेचे बंधन नाही. गंमत अशी, की मयूखकार नीलकंठभट्ट राहत काशीला, आणि त्यांच्या ग्रंथाचा आधार मिळाला तो पुण्यासाताऱ्याच्या विधवांना!

मग साऱ्या देशास एकच कायदा असावा, हे याचे उत्तर आहे काय? प्रथमदर्शनी तसे वाटते. परंतु १८५० च्या सुमारास कोणी साऱ्या हिंदुस्थानास मिथिलेचा नियम लावला असता, तर आपल्याकडील विधवेचा अधिकार एका फटक्यात गेला असता. मिशिगनचा जुना कायदा अमेरिकेभर पसरला असता, तर माझ्या विद्यार्थ्याच्या घरी आज पाळणा हलला नसता. एकरूपता हा स्वतंत्र गुण नव्हे; चुकीचा नियम सर्वत्र झाल्याने बरोबर ठरत नाही. प्रांताप्रांतांतील भेदामुळे निदान शेजाऱ्याचे पाहून शहाणे होण्यास अवसर राहतो.

येथे दोन प्रश्नांची गल्लत होत आहे, असे मला वाटते. कोणत्या उपायाने अपत्यप्राप्ती करून घेण्यास समाजाने मुभा द्यावी, हा पहिला. गरजू स्त्रीच्या उदराचा बाजार होऊ नये, ही भीती खरी आहे. तिच्यावर कोणता तोडगा काढावा, याविषयी सुज्ञ माणसांत आणि म्हणून प्रांतांतही मतभेद राहणार. परंतु जन्मास आलेल्या मुलाचे आईबाप कोण, हा दुसरा प्रश्न अगदी निराळा आहे. त्या मुलाने करार केलेला नाही, प्रांत निवडलेला नाही. वडील माणसांच्या वर्तनाबद्दल शासन करावयाचे, तर ते त्यांना करावे. मुलाच्या नात्यातून ते वसूल करणे अन्यायाचे आहे. २०१६ साली असाच प्रसंग आला. जॉर्जियाच्या न्यायालयाने एका स्त्रीस दत्तकविधानाने दिलेले मातृत्व अलाबामाने नाकारले होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारणे चूक ठरविले. त्या निकालाचा आधार, एका राज्याच्या न्यायनिर्णयास दुसऱ्याने मान द्यावा हा घटनेचा नियम होता. नैतिक आधार विचाराल, तर तो त्याहून जुना आहे.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने हिंदू विधवेस स्वतःच्या नावे दत्तक घेण्याचा अधिकार देऊन ते प्रांतभेद मिटविले. परोदरी अपत्याविषयीही २०२१ साली देशभर एकच कायदा झाला. त्यात मोबदल्याला मनाई आहे आणि जन्मलेले मूल संकल्प करणाऱ्या दांपत्याचेच मानले आहे. हे दुसरे योग्यच झाले. पण ह्याच कायद्याने पस्तीस ते पंचेचाळीस वर्षांच्या विधवेस व घटस्फोटितेस वाट मोकळी केली, अविवाहितेस मात्र नाही. प्रांतांमधली रेघ पुसली, ती माणसांमाणसांमध्ये पुन्हा उमटली. ती रेघ तेथेच का, ह्याचे उत्तर कायदा एक झाल्याने मिळत नाही. ते आपणांसच शोधावे लागेल.

हे सर्व आम्ही बोलत होतो, तेव्हा ते मूल सतरंजीवर झोपले होते. जागे होताच त्याने कोणताही दाखला न पाहता नेमक्या एकीकडे हात पसरले. कायद्यास एवढ्या पुराव्यावर चालता येणार नाही, हे मी जाणतो. परंतु तो पुरावा खोटा पडेल असा निर्णय देण्यापूर्वी त्याने दहा वेळा विचार करावा, एवढी अपेक्षा गैरवाजवी नसावी.