स्मरण आणि उत्तरदायित्व : ‘फॅरनहाइट ४५१’चे माध्यमांतर

साहित्यकृतीच्या चित्रपटीय माध्यमांतराची चर्चा बहुधा मूळ संहितेशी असलेल्या निष्ठेपाशीच घुटमळते. रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) या कादंबरीवर फ्रान्स्वा त्रूफो यांनी १९६६ साली केलेला चित्रपट मात्र याहून मूलगामी प्रश्न उपस्थित करतो : ग्रंथ जतन करणे म्हणजे नेमके काय?

ग्रंथ बाळगणे हा गुन्हा ठरलेले जग उभे करताना त्रूफो लिखित अक्षरालाच पडद्यावरून हद्दपार करू पाहतात. श्रेयनामावली दिसत नाही, ऐकू येते. माँटॅगच्या हातातील वर्तमानपत्रात केवळ चित्रे असतात. त्यामुळे ग्रंथ जाळणे हाच व्यवसाय असलेला हा माणूस ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधील शब्दांवरून बोट फिरवत वाचू लागतो, तेव्हा वाचन ही कष्टाने कमवावयाची क्रिया आहे याचा प्रत्यय येतो. जळताना वळत, काळवंडत जाणारी पाने कॅमेरा ज्या आस्थेने न्याहाळतो, ती या चित्रपटाची खरी मिळकत होय.

परंतु या आस्थेतच त्याची मर्यादाही दडलेली आहे. कादंबरीतील बीटी सांगतो की, ग्रंथबंदी प्रथम शासनाकडून आलेली नाही. वेग, संक्षेप आणि करमणूक यांना चटावलेल्या समाजानेच वाचन सोडले. चित्रपटातील कप्तानाच्या भाषणात या युक्तिवादाचे काही अंश उरले असले, तरी समाजाचा दोष तेथे पुसट होतो. कादंबरीत क्लॅरिस लवकरच नाहीशी होते. चित्रपटात ती अखेरीस ग्रंथमानवांमध्ये भेटते. कादंबरीच्या शेवटी शहर बेचिराख करणारे युद्ध तर चित्रपटात नाहीच.

हा बदल केवळ कथानकाचा नव्हे. ग्रंथमानव पुस्तक मुखोद्गत करून ते जाळतात, हे दोन्हीकडे समान आहे. मग त्यांच्या आणि कप्तानाच्या आगीत भेद कोणता? कादंबरीचे उत्तर असे, की स्मरण करणारे उद्ध्वस्त शहराकडे परत निघतात. त्यांच्या स्मरणाला श्रोता अपेक्षित आहे. चित्रपटात मरणासन्न वृद्ध एका मुलाला आपला ग्रंथ सोपवतो आणि पडत्या बर्फात सारे पुटपुटत येरझाऱ्या घालतात. दृश्य अविस्मरणीय आहे. पण येथे पाठकाकडून पाठकाकडे संक्रमण होते, समाजाकडे नाही.

संहिता टिकणे आणि संहिता वाचली जाणे या भिन्न गोष्टी आहेत. ज्याचा अर्थ कोणी विचारणार नाही, ते पाठांतर ग्रंथाला आगीपासून वाचवते, विस्मृतीपासून नव्हे. त्रूफो यांनी ग्रंथावरील प्रेमाला अपूर्व रूप दिले. त्या प्रेमाचे उत्तरदायित्व मात्र ब्रॅडबरी यांच्या संहितेतच राहिले.