अंतर शून्य होतं तो दिवस

अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या तारखा आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ९, १० आणि ११ नोव्हेंबर. मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. अकरावीच्या मुलांना फल (फंक्शन) शिकवताना मी हेच उदाहरण घेतो.

२१ डिसेंबरला शून्य धरायचं. आधीचे दिवस ऋण, नंतरचे धन. हा झाला डी. मावळता सूर्य त्या किरणांच्या वाटेपासून किती अंश ढळलाय, ते एफ(डी). उत्तरेकडे धन, दक्षिणेकडे ऋण.

आता एफ(०) किती? डीच्या जागी शून्य ठेवा. त्या दिवशी सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो, म्हणून उत्तर येतं साधारण उणे साडेसहा. आलेख उभ्या अक्षाला छेदतो तो तिथे. दुसरा प्रश्न उलट्या बाजूने येतो: एफ(डी) शून्य कधी होतं? इथे उत्तर आधीच ठरलेलं, दिवस हुडकायचा. आडव्या अक्षावर दोन बिंदू सापडतात, उणे ४१ आणि ४२. म्हणजे १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी. एकदा सूर्य दक्षिणेला जाताना, एकदा परतताना.

एका मुलीने विचारलं, "सर, सगळं गणितातच बसलं, मग यात देवीचं काय राहिलं?"

प्रश्न खरा आहे, आणि त्याला खरं उत्तर द्यायला हवं. पहिल्या प्रश्नाला उत्तर नेहमी असतं. कुठलाही दिवस घ्या, आपण किती दूर आहोत ते कळतंच. दुसऱ्याला मात्र उत्तर असेलच असं नाही. देवळाची रेषा आणखी दहा अंश दक्षिणेला असती, तर सूर्य तिच्यापर्यंत कधीच पोचला नसता. आलेख अक्षाला न शिवताच मागे वळला असता. सूर्याची चाल आपल्या हातात नाही. रेषा कुठे आखायची, एवढंच बांधणाऱ्यांच्या हातात होतं, आणि ती त्यांनी जिथे भेट घडू शकते तिथे आखली. मला यातच भक्ती दिसते.

आणि रेषा आखून काम संपत नाही. पश्चिमेला रंकाळा तलावाच्या बाजूला आभाळ भरून आलं, वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं, की गणित बरोबर असूनही किरणं अडतात. समीकरण तारीख देतं, प्रकाश देत नाही.

एफ(डी) शून्य होतं तेव्हा नाहीसं होतं ते फक्त अंतर. सूर्य असतो, मूर्ती असते, मध्ये काही उरत नाही. साधकाची सगळी धडपड याच शून्यासाठी असते. म्हणून त्या मुलीला मी सांगितलं: गणिताने देवी कमी होत नाही. आपली रेषा नीट आखावी, वाट मोकळी ठेवावी, एवढं माणसाचं काम. पुढचं येणं तिच्या कृपेचं.