दुसऱ्याची सही

मी ठाण्याहून महापेला येतो. ट्रान्सहार्बर लोकलने घणसोली, पुढे शेअर रिक्षा. गाडीत मोबाइल बघताना आपण कुणाच्या तरी सहीवर बसलोय, हे कधी डोक्यात येत नाही.

मागच्या महिन्यात एका सहकाऱ्याचा कोड तपासायला आला. चारशे ओळी, शुक्रवारची संध्याकाळ. मी नुसतं स्क्रोल केलं आणि 'अप्रूव्ह' दाबलं. सोमवारी ग्राहकांची बिलं चुकली. मीटिंगमध्ये मला कोणीच काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

आपल्याकडे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतात. ऐकायला गंमत वाटते, पण कारण साधं आहे: ज्याची गाडी, त्यानेच तिला पास करू नये. 1989च्या रेल्वे कायद्यानुसार प्रवाशांसाठी नवा मार्ग उघडण्याआधी या आयुक्तांची तपासणी लागते. अर्थात हे आयुक्तही रेल्वेतूनच आलेले अभियंते असतात, आणि रोज रूळ तपासणारी माणसं तर रेल्वेचीच. दुसरीकडून आणणार कुठून? रूळ कळणारा माणूस रुळांवरच तयार होतो.

पण खातं वेगळं केलं की झालं का? तो कोड माझा नव्हता, म्हणजे मी तसा त्रयस्थच होतो. सीएसएमटीजवळचा हिमालय पूल घ्या. महापालिकेने त्याचं ऑडिट बाहेरच्या माणसांकडून करून घेतलं होतं. किरकोळ दुरुस्ती पुरेल, असा शेरा होता. 14 मार्च 2019ला पूल कोसळला, माणसं गेली. कागदावर तपासणी झाली होतीच की.

त्रयस्थ असणं सोपं आहे, थांबवणं अवघड. थांबवणाऱ्याच्या पाठीशी उभं कोण राहतं? आमच्याच मार्गावरचं दिघा गाव स्थानक तयार होऊनही काही महिने उद्घाटनासाठी थांबलं होतं, 12 जानेवारी 2024पर्यंत. फितीसाठी थांबता येतं. तेच एखाद्या तपासनिसाने 'पूल मोकळा करा, आठवडाभर बंद' म्हटलं असतं, तर त्याला शिव्या घालणाऱ्या गर्दीत मीही असतो. नऊ चाळीसची लोकल चुकली असती ना माझी.

काल त्याच सहकाऱ्याचा कोड पुन्हा आला. मी वाचला, दोन शंका लिहून परत पाठवला.

"अरे, आज रिलीज आहे," त्याचा मेसेज.

अजून उत्तर दिलेलं नाही.